हरकत घेणाऱ्याचे तीन दिवस

पद्धत आणायला म्हणून मी चिंचवडला गेलो आणि परत येताना माझ्याजवळ होती एक खोडाखोडीची वही आणि तेलाचे डाग पडलेलं धोतर. वाईत सगळ्यांची समजूत अशी, की मी तिकडून काहीतरी मोठं शिकून आलो. घाटावर, दुकानात, देवळात जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत मास्तर?" मला धड उत्तर देता येत नाही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून काढतो आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा अर्थ लागला, तर त्याने मलाही कळवावा.

आधी मी कोण, ते सांगतो. वाईला अण्णासाहेबांचा स्टोव्हचा कारखाना आहे, त्याचा मी मुख्य कारकून. त्याआधी अकरा वर्षं शाळेत शिकवत होतो. 'मास्तर' हे नाव आणि वळणदार अक्षर, या दोन गोष्टी मी शाळेतून कारखान्यात घेऊन आलो. आल्या आल्या मी कामाचे सत्तावीस नियम तयार केले, त्यावर अण्णासाहेबांची सही घेतली आणि पेंटर बोलावून ते भिंतीवरच्या मोठ्या पाटीवर पांढऱ्या तैलरंगात उतरवून घेतले. कुणी काही विचारायला आलं, की मी नुसतं बोट दाखवायचो. त्या पाटीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

अडचण अशी झाली, की गेली तीन वर्षं अधूनमधून परत येणारे आमचे स्टोव्ह गेल्या दिवाळीपासून सारखेच परत येऊ लागले. पितळी टाकीच्या झाळलेल्या, म्हणजे डाग देऊन जोडलेल्या, सांध्यातून रॉकेल झिरपतं, ही एकच तक्रार. आता टाकी बाहेर जाण्यापूर्वी तिच्यात हवा भरून, ती पाण्याच्या टबात बुडवून, बुडबुडा येतो का हे पाहण्याचं काम रामभाऊंकडे. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. सगळ्या टाक्या त्यांच्या हातून पास होऊन जायच्या आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन गळायच्या.

एक दिवस अण्णासाहेब मला म्हणाले, "मास्तर, एकतर आपली पद्धत चुकतेय, नाहीतर माणूस चुकतोय. चिंचवडला माझ्या स्नेह्याचा फवारणीच्या पंपांचा कारखाना आहे. त्याचा माल परत येत नाही म्हणतात. आठ दिवस जाऊन राहा आणि त्याची पद्धत जशीच्या तशी उतरवून आणा. आपल्या पद्धतीत खोट निघाली तर ती बदलू. नाही निघाली, तर रामभाऊंना महिनाअखेर घरी बसवू. त्यांचे डोळे गेले असतील."

आमच्या पद्धतीत खोट निघणार नाही याची मला खात्री होती, कारण ती मी लिहिली होती. म्हणजे रामभाऊंचं काय होणार, तेही मला निघतानाच दिसत होतं. मला वाईट वाटत होतं, पण त्यात माझा काही दोष आहे असं वाटत नव्हतं.

रामभाऊ मला स्टँडवर पोचवायला आले. भाजलेल्या शेंगांची पुडी हातात देत म्हणाले, "मास्तर, तिथं तपासणी कवा करत्यात, तेवढं बगून या."

"कधी म्हणजे?"

"आदी का मागनं."

गेल्या तीन वर्षांत त्यांनी मला हे दोनदा विचारलं होतं. पॉलिश करायच्या आधी टाकी पाण्यात बुडवली तर चालेल का, असं. दोन्ही वेळा मी एकोणिसाव्या नियमाकडे बोट दाखवलं होतं: 'तपासणी सर्वांत शेवटी.' परीक्षा वर्षाच्या शेवटी असते, जूनमध्ये नसते, हे शाळेत गेलेल्या कुणालाही कळेल. तरी त्यांच्या समाधानासाठी मी ते वहीच्या मागच्या पानावर टिपून घेतलं आणि गाडीत जाऊन बसलो.

चिंचवड, रविवार

पुण्याला गाडी बदलली, एवढं सोडलं तर प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चिंचवडला उतरल्यावर मात्र मी गोंधळलो, तो पुढे आठ दिवस गोंधळलेलाच राहिलो. रुळाच्या एका बाजूला ज्वारी उभी, मचाणावर गोफण घेतलेली बाई, आणि तिच्या बांधाला अगदी चिकटून पत्र्याची लांबच लांब शेड. पुढे पुन्हा शेत, पुन्हा एक अर्धवट भिंत. पिंपरीच्या बाजूला औषधाचा मोठा कारखाना झालेला दिसत होता आणि त्याच्या रस्त्यावरून कडब्याच्या गाड्या चालल्या होत्या. हे गाव आहे की गावाबाहेर, ते ठरेना.

कारखान्याचे फोरमन सोपानराव मला घ्यायला आले होते. अंगात खाकी सदरा, डोक्याला फेटा. चिंचवडातलं जुनं शेतकरी घराणं. माझी उतरायची सोय त्यांच्याच घरी होती. वाटेत शेडकडे हात करून ते म्हणाले, "त्या तिथं, जिथं लेथ हाय ना, तिथं माझा हरभरा व्हता."

"वाईट वाटत असेल," मी म्हणालो.

"वाटतं बी आन् न्हाई बी. हरभरा तरी दरसाल एकाच जागी कुटं लावत व्हतो?"

आणि ते बांध ओलांडून पुढे चालू लागले.

घरी पावट्याची आमटी, बाजरीची भाकरी आणि लसणाचं तिखट होतं. आमच्याकडे आमटीत गुळाचा खडा नसला, तर घरात काहीतरी बिनसलंय असं समजतात. इथे गूळ मागितल्यावर वहिनींनी तो वेगळ्या वाटीत आणून दिला आणि मी तो आमटीत घालताना सगळं घर माझ्याकडे बघत राहिलं. सकाळी पवनेच्या घाटावर आंघोळ करून मोरयाचं दर्शन घेतलं. कृष्णेच्या घाटापुढे हा घाट लहान, पण पाणी तितकंच गार.

कारखान्यात, सोमवार आणि मंगळवार

शेडच्या दारातच एक काळा फळा होता, शाळेत असतो तसाच. त्यावर पंप जोडण्याचं काम पायरी-पायरीने लिहिलेलं होतं, खडूने. काही ओळींखाली नावं होती. मला बरं वाटलं. ही बहुधा नक्कल असेल, असल ऑफिसात असेल, अशी मनाची समजूत घालून मी वही उघडली आणि दौत-टाकाने एकवीस ओळी सुरेख अक्षरात उतरवल्या. दोन तास लागले.

जेवणाच्या सुट्टीनंतर बघतो, तर सातवी ओळ पुसून तिथे दुसरीच लिहिलेली. मी माझ्या वहीतली सातवी ओळ खोडली. संध्याकाळी बाराव्या आणि तेराव्या ओळींनी आपापसात जागा बदलल्या होत्या. मंगळवारी सकाळी मी नवं पान घेऊन पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, आणि दुपारपर्यंत त्या पानाचीही तीच गत झाली. वर्गात मागे वळून फळ्यावर लिहावं आणि पोरांनी पाठीमागून पुसावं, तसं माझं चाललं होतं.

शेवटी मी सोपानरावांना गाठलं. "कायमची पद्धत कुठे लिहिली आहे?"

"कायमची म्हंजी?"

"जी बदलत नाही ती."

त्यांनी फेटा जरा मागे सरकवला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तशी न्हाई बा आमच्याकडं कुटली. ज्याला कामात काय अडलं, त्यानं फळ्यावर लिवायचं आन् खाली नाव टाकायचं. जमलं तर ऱ्हातं. न्हाई जमलं तर पुसायचं."

"मग काम बिघडलं तर जबाबदार कोण?"

"नाव टाकलेलं हाय की."

मी वही मिटली. जो कारखाना सकाळी एक म्हणतो आणि दुपारी दुसरं, त्याचा माल परत येत नाही, आणि आमची पाटी तीन वर्षांत एका अक्षराने हललेली नाही, तर आमचे स्टोव्ह गळतात. मला तर हा सरळ सरळ अन्याय वाटला. अण्णासाहेबांना मी आता काय उतरवून नेऊन दाखवणार होतो?

बुधवार: माझी हरकत

सकाळच्या भोंग्याआधी दहा मिनिटं सगळी माणसं फळ्यापुढे जमतात. कुणाला काही सुचवायचं असलं तर तेव्हा सांगायचं. त्या दिवशी सरूबाई पुढे आल्या. लातूरकडच्या, निजामाचा मुलूख मोडल्यावर नवऱ्यासोबत इकडे आलेल्या. शेवटच्या टेबलावर पंप पुसून ते खोक्यात भरण्याचं त्यांचं काम.

"मी काय सांगायले, ऐका," त्या म्हणाल्या. "त्यो चामड्याचा वायसर तुम्ही पयल्या टेबलावर बसवायलेत. तेलात भिजवलेला. मग पंप चार हातांतून फिरत माझ्याकडं येतो, तवर त्याला समदा कीस चिकटतो. त्यो वायसर शेवटी माझ्या टेबलावर बसवू द्या." आणि त्यांनी पदराच्या गाठीतून एक वायसर काढून दाखवला. त्यावर लोखंडाचा कीस चमकत होता.

मी पाहुणा होतो. गप्प बसायला हवं होतं. पण अकरा वर्षं वर्गात आणि तीन वर्षं पाटीखाली उभा राहिलेला माणूस गप्प कसा बसेल? मी म्हणालो, "हे चुकीचं आहे. आतली वस्तू आधी बसवायची, बाहेरची नंतर. शेवटचं टेबल पुसण्यासाठी आहे. उद्या प्रत्येक जण आपापल्या टेबलावर दुसऱ्याचं काम ओढायला लागला, तर कारखाना चालेल कसा?"

सोपानरावांनी अगदी अदबीने विचारलं, "पाव्हणं, म्हंजी तुमची हरकत हाय?"

"आहे," मी ठासून सांगितलं.

यावर असा हशा उठला, की पत्रा दणाणला. मला काही कळेना. तेवढ्यात एकाने तेलकट एप्रन आणून माझ्या गळ्यात घातलासुद्धा. सोपानराव म्हणाले, "आमच्यात रीत हाय, मास्तर. ज्यानं सुचवलं त्यानं न्हाई, ज्यानं हरकत घेतली त्यानं ते काम तीन दिस सोता करून बगायचं. तीन दिसांनी त्याला वाटलं तर त्यानं पुसावं. कुनी काय म्हननार न्हाई."

"पण मी कारकून आहे!"

"ते बी चालतं," सरूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला स्टूल पुढे केलं.

असे माझे हे तीन दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी वायसर माझ्या बोटांतून इतक्या वेळा निसटला, की सरूबाईंनी टेबलाखाली परातच ठेवली. चामड्याची ती चकती आत दांड्यावर बसवायची असते, आणि तिची कड दुमडली की पंप दम धरत नाही. माझ्या धोतराला तेल लागलं, टोपीला लागलं, चष्म्याला लागलं. माझ्यामुळे पाच पंप मागे राहिले, तरी कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्याचं मला जास्त लागलं. कुणी रागावलं असतं तर मी उलट बोललो असतो.

गुरुवारी दुपारी एक गंमत झाली. वायसर सरळ दाबण्याऐवजी जरासा तिरका धरून फिरवत नेला, तर तो आपणहून बसतो, असं माझ्या लक्षात आलं. एकदा बसला, दुसऱ्यांदा बसला, तिसऱ्यांदा बसला. मी मोठ्याने "बसला!" म्हणून ओरडलो. सरूबाईंनी करून बघितलं आणि मान डोलावली. मग सोपानरावांनी माझ्या हातात खडू दिला. मी फळ्यावर माझ्या वळणदार अक्षरात ओळ लिहिली आणि खाली नाव टाकलं. इतकी वर्षं खडू हातात धरला, पण फळ्यावर स्वतःचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं. मला फार आनंद झाला.

त्याच आनंदात संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, चालत पिंपरीच्या कॅम्पात गेलो. नवं धोतर घ्यायचं होतं. फाळणीत सिंधमधून आलेली माणसं तिथे बराकींमधून राहतात. टोपणदासजी नावाच्या एका गृहस्थांच्या दुकानात शिरलो, तर त्यांनी आधी बसायला सांगितलं आणि पाणी आणलं, सोबत भाजलेला पापड. आमच्याकडे गूळ-पाणी देतात, तसं यांच्यात पापड-पाणी. मला ते आवडलं.

"मागच्या साली इथे भांडी होती म्हणतात," मी म्हणालो.

"थीं ना. लोगों ने कहा, भांडी बहुत हैं, कपडा लाव. अब कपडा लाया. आगे बोलेंगे तो और कुछ लाऊंगा."

"मग बाहेरच्या पाटीवर दर वेळी नवीन लिहिता?"

त्यांनी मला बाहेर नेऊन पाटी दाखवली. तिच्यावर फक्त 'दुकान' असं लिहिलं होतं. इकडे सगळेच असे आहेत की मलाच काही होतंय, अशी शंका मला त्या वेळी खरोखर आली.

शुक्रवारी सकाळी फळ्यापुढे गेलो, तर माझी ओळ नव्हती. तिच्या जागी सरूबाईंची ओळ: 'वायसर आधी कोमट तेलात ठेवावा, फिरवायची गरज नाही.' माझं नावही पुसलं गेलं होतं. एक दिवस जगली बिचारी. त्यावर राग यावा, तर कोमट तेलातला वायसर लोण्यात बोट जावं तसा बसत होता. माझी ओळ गेली याचं वाईट वाटत होतं आणि काम सोपं झालं याचं बरंही वाटत होतं, आणि या दोन्हींतलं खरं कुठलं ते ठरवता येत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर सोपानरावांनी विचारलं, "काय मास्तर, तीन दिस झालं. हरकत हाय का आता?"

"नाही," मी म्हणालो. "पण एक सांगा. हरकत घेणाऱ्याने तीन दिवस करून बघायचं, हा नियम फळ्यावर कुठे दिसत नाही. तो कुठे लिहिलाय?"

"न्हाई लिवलेला."

"का?"

"लिवला तर कुनीतरी पुसंल की!"

ते हसत सायकलवर बसले. ते थट्टा करत होते की खरं सांगत होते, ते मला आजही माहीत नाही.

चाकण, शनिवार

दर शनिवारी या कारखान्याची मालमोटार चाकणच्या बाजाराला जाते, पण विकायला नव्हे. कांद्याच्या ढिगांच्या कडेला, वडाखाली, एक टेबल टाकायचं आणि ज्यांनी पंप घेतलेत त्यांनी येऊन गाऱ्हाणी सांगायची. कारखान्यातला एक माणूस ऐकायला बसतो. या खेपेला सोपानरावांची पाळी होती, म्हणून मीही गेलो.

चाकणचा बाजार म्हणजे कांद्याच्या वासात उभं राहणं. डोळ्यांतून पाणी, नाकात धूळ, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. सोपानरावांपुढे एक म्हातारा आला आणि म्हणाला, "तुमचा पंप ब्येस हाय वो, पन पट्टा खांद्याला कापतो." आता मी असतो, तर त्याला पट्टा नीट कसा बांधायचा ते समजावलं असतं. सोपानरावांनी पंपात पाणी भरलं, तो स्वतःच्या पाठीवर घेतला आणि भर बाजारात कांद्याच्या ढिगांना तीन फेऱ्या मारल्या. लोक हसत होते. ते घामाघूम होऊन परत आले, खांदा चोळला आणि म्हणाले, "कापतो. खरं हाय." ते त्यांनी वहीत टिपून घेतलं. सोमवारी फळ्यावर कुठली ओळ पुसली जाणार, ते मी ओळखलं. या आठ दिवसांत बरोबर ओळखलेली ती पहिली गोष्ट.

मग आम्ही चहाला गेलो. पालाखाली हॉटेल होतं, आणि पालाच्या कोपऱ्यात फरफरणारा स्टोव्ह. मी सहज वाकून बघितलं. टाकीवर सूर्यफुलाचा छाप होता. आमचा छाप.

इतक्या लांब आपला स्टोव्ह बघून मला भावाला भेटल्यासारखं झालं. मी म्हणालो, "कसा काय चालतो हा?"

हॉटेलवाल्याने मला खाली वाकायला सांगितलं. टाकीखाली एक बशी ठेवली होती आणि बशीत रॉकेल साचलेलं होतं. "पयलं पंधरा दिस एक ठिपका न्हाई," तो म्हणाला. "मंग टाकी तापून तापून गळाया लागली. आता साबन लावतो. साबनाची वडी सांध्यावर घासली की थांबतं. तापलं की साबन वितळतो, पुन्ना गळतं. पुन्ना लावतो."

"साबण लावला की अजिबात गळत नाही?" मी विचारलं.

"पान्यात बुडवून बगा की. बुडबुडा न्हाई यायचा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आमच्याकडे टाकी झाळून झाली, की पॉलिशच्या चाकावर जाते. तिथे तिला तांबडा, मेणचट मसाला फासतात आणि घासून चकचकीत करतात. तो मसाला हाताला साबणासारखाच लागतो. झाळीत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असेल, तर मसाला त्यात जाऊन बसत असणार. आणि त्यानंतर आम्ही ती टाकी रामभाऊंपुढे ठेवतो आणि म्हणतो, बघा बुडबुडा येतो का. येईल कसा? ती भोकं आम्हीच बुजवून त्यांच्यापुढे ठेवत होतो.

मी वही काढली, मागचं पान उघडलं. 'तपासणी आधी की नंतर, रामभाऊ.' माझ्याच वळणदार अक्षरात.

"काय झालं मास्तर? तोंड का उतरलं?" सोपानरावांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. पाटी, एकोणिसावा नियम, रामभाऊंनी दोनदा विचारलेलं, आणि महिनाअखेर त्यांना घरी बसवायचं ठरलेलं. मला लाज वाटत होती. सोपानरावांनी ऐकून घेतलं, बशीकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी हरकत तुमी घेतल्याली."

"हो."

"तीन दिस केलं का करून?"

मी नकारार्थी मान हलवली. माझा चहा गार झाला होता, म्हणून त्यांनी नवा सांगितला.

वाई

सोमवारी अण्णासाहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "आणली पद्धत?"

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर खोडाखोड. "हे काय आहे?"

"पद्धतच आहे," मी म्हणालो, "पण ती उतरवून घेता येत नाही. म्हणजे येते, पण तोवर ती राहत नाही." हे बोलताना माझं मलाच वाटलं, की मी वाईट बोलतो आहे. म्हणून सरळ विषयावर आलो. स्टोव्ह, बशी, साबण, मसाला, सगळं सांगितलं. "रामभाऊ हे तीन वर्षांपूर्वी म्हणाले होते. हरकत मी घेतली. मला तीन दिवस द्या. पॉलिशच्या आधी मी स्वतः टाक्या बुडवून बघतो."

अण्णासाहेबांनी माझ्या धोतराकडे बघितलं. नवं घेतलेलं मी नेसलो नव्हतो. मग म्हणाले, "घ्या तीन दिवस. पण तीन दिवसांत एकाही टाकीला बुडबुडा आला नाही, तर पद्धत तुमचीच बरोबर. मग रामभाऊंचं मी ठरवलंय तेच होईल."

मी रामभाऊंच्या स्टुलावर बसलो. ते शेजारी उभे राहिले. झाळकामावरून आलेल्या काळपट, बिनपॉलिशच्या टाक्या एकेक करून त्यांनी माझ्या हातात द्यायच्या, मी हवा भरायची, बुडवायची, बघायचं. पहिल्या दिवशी एकही बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुसऱ्या दिवशी घरी जाताना मी पाटीखालून गेलो, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की देवा, माझा नियम चुकीचा निघू दे. असं कुणी स्वतःबद्दल मागतं का? पण मी मागितलं. आणि चुकीचा निघाला नाही तर? चाकणचा तो एकच स्टोव्ह मुळात वाईट असला तर? हॉटेलवाल्याच्या साबणावर मी एका माणसाचं पोट टांगून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी अण्णासाहेब येऊन मागे उभे राहिले. सकाळ गेली. रामभाऊ एकेक टाकी देत होते. जेवणानंतरच्या चौथ्या की पाचव्या टाकीला, मी बुडवून हात स्थिर धरला, आणि सांध्याच्या कडेने एक बारीक, मोहरीएवढा बुडबुडा सुटला. वर आला आणि फुटला. मग दुसरा. मग एकामागून एक, सरळ रांगेत.

अण्णासाहेब पुढे वाकून बघत होते. मी ती टाकी वर काढलीच नाही. काढली आणि पुन्हा बुडवल्यावर बुडबुडा आला नाही तर, अशी मला भीती वाटली.

"मास्तर," रामभाऊ हळूच म्हणाले, "बाही भिजतीया."

सदऱ्याची बाही कोपरापर्यंत पाण्यात होती. मी त्यांच्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, रामभाऊ, तीन वर्षं. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी बोट दाखवलं. पण तोंडातून नुसतं "रामभाऊ" एवढंच आलं.

त्यांनी माझ्या हातातून ती टाकी काढून घेतली, पंच्याने पुसली, बुडबुडा आला होता तिथे खडूने खूण केली आणि बाजूला ठेवली.

"असू द्या," ते म्हणाले. "फुडची घ्या."